मासा ओरडत नाही, पण त्याला दुखतं

मासे खाणाऱ्या घरांतून एक समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, की माशाला काही कळत नाही. कोंबडीच्या दुकानात तोंड फिरवून उभी राहणारी माणसंही पाटीत तडफडणाऱ्या मरळीकडे बघत निवांत भाव करतात. यात कुणाचं मन दगडाचं आहे असं नाही. माशाला आवाज नाही, पापण्या नाहीत, कपाळाला आठी घालणारे स्नायू नाहीत. ज्या खुणांवरून आपण दुसऱ्याचं दुखणं ओळखतो, त्यांतली एकही त्याच्या चेहऱ्यावर उमटत नाही. तरीही आपल्या संतांना जिवाची तगमग सांगायची वेळ आली तेव्हा पाण्याबाहेरची मासोळीच आठवली. पाहणाऱ्याला ते दिसत होतंच.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या समजुतीची शास्त्रीय तपासणी झाली आणि ती समजूत टिकली नाही. मी मासे खाणाऱ्या घरातली आहे, आजही खाते, आणि मासे सोडा असं सांगायला हा लेख लिहीत नाही. ज्यांना सोडावेसे वाटतील त्यांनी जरूर सोडावेत. पण जे मासे खातात, विकतात, गळ टाकतात, शेततळ्यात वाढवतात किंवा काचेच्या टाकीत पाळतात, त्यांच्या हातात बरंच काही आहे. माशाच्या वाट्याला येणारा बराचसा छळ कुणी मुद्दाम केलेला नसतो. तो निष्काळजीपणातून होतो, आणि हा निष्काळजीपणा थांबवायला फार पैसे लागत नाहीत.

प्रयोगांतून काय कळलं

आधी एक फरक समजून घेऊ. तापलेल्या तव्याला बोट लागलं की हात आधी मागे येतो आणि आग नंतर कळते. हात मागे घेण्याचा हुकूम मेंदूपर्यंत न जाता मणक्यातल्या मज्जारज्जूतूनच सुटतो. ती नुसती प्रतिक्रिया. नंतर जी कळ जाणवते, जिच्यामुळे आपलं कामावरून लक्ष उडतं आणि आपण बोट नळाखाली धरून उभे राहतो, ती वेदना. माशाच्या बाबतीत खरा प्रश्न एवढाच होता: त्याच्याकडे फक्त पहिली गोष्ट आहे की दुसरीही?

2003 साली स्कॉटलंडमध्ये लिन स्नेडन, व्हिक्टोरिया ब्रेथवेट आणि मायकेल जेंटल या तिघांनी रेनबो ट्राउट माशाच्या डोक्यावरच्या आणि तोंडाभोवतीच्या चेतातंतूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. दाब आणि उष्णता यांनी इजा होऊ लागली की जागे होणारे 22 ग्राहक त्यांना तिथे सापडले, आणि त्यांतले बहुतेक आम्लानेही जागे होत. माणसाच्या कातडीत इजेची खबर देणारे जे ग्राहक असतात, त्यांच्याच जातीचे. गळ जिथे रुततो नेमकी ती जागा संवेदनशील निघाली.

पण ग्राहक सापडले म्हणून वेदना सिद्ध होत नाही. म्हणून त्यांनी काही माशांच्या ओठांत मधमाशीचं विष टोचलं, काहींच्या ओठांत सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल आणि तुलनेसाठी काहींना नुसतं खारं पाणी. विष आणि आम्ल टोचलेल्या माशांचा श्वास जवळजवळ दुपटीपर्यंत वाढला. ते तळाशी बसून डुलू लागले. आम्ल टोचलेले मासे टाकीतल्या खड्यांवर आणि काचेवर ओठ घासू लागले. खारं पाणी टोचलेले मासे सुमारे 80 मिनिटांत पुन्हा खायला लागले, विष आणि आम्ल टोचलेल्यांना जवळजवळ तीन तास लागले. मॉर्फिन दिल्यावर ही लक्षणं ओसरली. नुसती प्रतिक्रिया असती तर ती क्षणात संपली असती. तीन तास उपाशी राहणं हे प्रतिक्रियेचं लक्षण नाही.

त्याच गटाने आणखी एक प्रयोग केला, आणि मला तो जास्त बोलका वाटतो. ट्राउट अनोळखी वस्तूपासून दूर पळते. टाकीत लेगोच्या रंगीत ठोकळ्यांचा मनोरा सोडला तर निरोगी मासा त्याच्या जवळ जात नाही. आम्ल टोचलेले मासे मात्र त्या मनोऱ्याची फिकीर न करता जवळून वावरत राहिले. दुखण्याने त्यांचं ध्यान खाऊन टाकलं होतं. मॉर्फिन दिल्यावर त्यांची भीती परत आली. दाढ ठणकत असताना समोर काय चाललंय याची शुद्ध न राहणं आपल्यापैकी कुणाला अनोळखी नाही.

पुढे स्नेडन यांनी झेब्राफिशवर केलेला प्रयोग तर निर्णायक म्हणावा असा आहे. हा आपल्याच गंगेच्या खोऱ्यातला पट्ट्यापट्ट्यांचा लहानसा मासा. त्याला दोन खोल्या दिल्या: एकीत खडे, वनस्पती आणि सोबती, दुसरी उघडीबोडकी आणि झगझगीत. मासे अर्थातच पहिलीत राहत. आम्ल टोचल्यावरही पहिलीतच राहिले. पण दुसऱ्या खोलीच्या पाण्यात लिडोकेन हे वेदनाशामक मिसळलं, तेव्हा आम्ल टोचलेले मासे आवडती जागा सोडून त्या ओक्याबोक्या खोलीत गेले. दुखणं थांबावं म्हणून त्यांनी किंमत मोजली. ज्याला काही जाणवतच नाही तो असं का करेल?

याच्या विरोधात बोलणारे शास्त्रज्ञ आहेत. अमेरिकेतले जेम्स रोझ आणि ऑस्ट्रेलियातले ब्रायन की यांचं म्हणणं असं, की वेदनेची जाणीव मेंदूच्या सर्वांत वरच्या, सुरकुतलेल्या थरात होते. माशाला तो थरच नाही, म्हणून त्याला जाणीव नाही. हा युक्तिवाद झटकून टाकण्यासारखा नाही. पण तो थर पक्ष्यांनाही तसा नाही, आणि कावळ्याला दुखत नाही असं आज कुणी म्हणत नाही. एखादं काम मेंदूच्या वेगवेगळ्या रचना वेगवेगळ्या पद्धतीने करू शकतात. आणखी एक खरी गोष्ट अशी, की मंद, रेंगाळणारी कळ वाहून नेणारे बारीक चेतातंतू ट्राउटमध्ये फारच थोडे असतात आणि शार्क-पाकट यांच्या कुळात तर जवळजवळ नसतातच. तेव्हा माशाचं दुखणं हुबेहूब आपल्यासारखं असेल असं मी म्हणणार नाही. ते आहे, एवढं म्हणेन. दोन्ही बाजूंचे पुरावे वाचून माझं मत असं झालं आहे, की शंकेचा फायदा माशाला द्यावा. आपण चुकलो तर आपलं नुकसान एखाद्या मिनिटाच्या जास्तीच्या कष्टाचं आहे. उलट बाजूने चुकलो तर माशाचं सगळंच जातं.

एका अंदाजानुसार जगात दरवर्षी समुद्रातून आणि नद्यांतून 1 ते 2 लाख कोटी मासे पकडले जातात. इतर कुठल्याही कणा असलेल्या प्राण्याला माणूस एवढ्या संख्येने मारत नाही.

बाजारात: एक वाक्य बोलायचं धाडस

समुद्रातले पापलेट, सुरमई, बांगडे आपल्यापर्यंत येतात तेव्हा मेलेलेच असतात. खरा प्रश्न गोड्या पाण्यातल्या जिवंत माशांचा आहे. उजनीच्या काठी भिगवणला, विदर्भातल्या तलावांच्या गावांत, शहरांतल्या रविवारच्या बाजारांत टाकीत पोहणारे रोहू, कटला, चिलापी, मरळ, मागूर आपण बोट दाखवून निवडतो. जिवंत म्हणजे ताजा हा हिशेब बरोबर आहे. मात्र पुढे काय होतं ते बघा. मासा वजनकाट्यावर, तिथून फळीवर, आणि मग खवले काढायला सुरुवात. कित्येकदा पोट फाडेपर्यंत कल्ले हलत असतात.

मरळ आणि मागूर यांची गत सगळ्यांत वाईट. या माशांना कल्ल्यांबरोबर हवेतून श्वास घेण्याची सोय निसर्गाने दिली आहे. उन्हाळ्यात डबकी आटली तरी ते तग धरतात. त्याच गुणामुळे ते ओल्या पोत्याखाली कितीतरी तास जिवंत राहतात, आणि म्हणून विक्रेत्याला सोयीचे. पाण्याबाहेर ते लवकर मरत नाहीत, त्यामुळे शुद्धीत असतानाच सोलले जातात. बुळबुळीत अंग हातात धरता यावं म्हणून जिवंत मागूर किंवा वाम यांना मीठ किंवा राख चोळतात, ती तर थेट त्वचेवरची आग.

इथे गिऱ्हाईक म्हणून एकच वाक्य बोलायचं: “मावशी, आधी डोक्यात नीट मारा, मग खवले काढा.” कापणारा मुलगा असेल तर “भाऊ, आधी मारून घे” एवढं पुरे. सुरुवातीला विचित्र नजरेने बघतील. बघू द्या. बाजारात बसणाऱ्या बायका आयुष्यभर मासे हाताळतात, त्यांच्यापेक्षा आपल्याला जास्त कळतं असा आव मुळीच आणू नये. विनंती केली की बहुतेक जणी ऐकतात, कारण त्यांचंही काम सोपं होतं: मेलेला मासा हातातून निसटत नाही आणि काट्याने बोट फाडत नाही.

चवीचा मुद्दाही सांगा, तो लगेच पटतो. तडफडून मेलेल्या माशाच्या स्नायूंतली साठवलेली ताकद झटापटीत संपून जाते आणि तिथे लॅक्टिक आम्ल साचतं. तो लवकर ताठरतो, त्याचं मांस लवकर मऊ पडतं. जपानमध्ये ‘इके जिमे’ नावाची जुनी पद्धत आहे. पकडल्याबरोबर माशाच्या मेंदूत टोकदार सळई खुपसतात, रक्त काढतात आणि मणक्याच्या पोकळीतून तार फिरवतात. असा मासा जास्त दिवस चांगला राहतो आणि जास्त भावाने विकला जातो. दयेपोटी म्हणा किंवा चवीपोटी, माशाच्या दृष्टीने निकाल एकच.

मारायचं कसं

घरी जिवंत मासा आणत असाल, गावी ओढ्यात मासे धरत असाल, तर हे नीट शिकून घ्यायलाच हवं. अर्धवट मारणं हे न मारण्यापेक्षा वाईट.

मासा पाण्यातून काढल्यापासून डोक्यावर घाव बसेपर्यंत काही सेकंदच जावेत, म्हणून दांडका आणि फळी आधी तयार ठेवा. मासा ओल्या फडक्यात घट्ट धरा. डोळे झाकले गेले तर तो कमी धडपडतो. डोक्याच्या वरच्या बाजूला, डोळ्यांच्या किंचित मागे, मेंदू असतो. तिथे जड लाकडी दांडक्याने किंवा खलबत्त्यातल्या लोखंडी बत्त्याने एकच जोरदार घाव घाला, आणि शंका वाटली तर लगेच दुसरा. हळू हळू ठोकणं म्हणजे छळ. मागुराची कवटी जाड असते, तिथे हात जास्त जड हवा.

आता तपासा. कल्ल्यांची झाकणं हलायची थांबली का? मासा हातात उजवी-डावीकडे कलवा. शुद्धीतल्या माशाचा डोळा कलताना क्षितिज धरून ठेवायला फिरतो. बेशुद्ध माशाचा डोळा डोक्याबरोबर जसाच्या तसा कलतो. ही खूण कुणीही ओळखू शकतं आणि ती भरवशाची आहे. शेपटीची थोडी थरथर मेल्यावरही होते, तिला घाबरू नका. खात्री पटली की टोकदार सुरीने मेंदूची जागा भोसका किंवा कल्ले कापून रक्त जाऊ द्या. हा क्रम उलटा करू नये. आधी कल्ले कापले तर मासा कित्येक मिनिटं शुद्धीत असतो. नुसतं मुंडकं उडवलं तरी मेंदू लगेच शांत होत नाही, विशेषतः वामीसारख्या चिवट माशांत.

बर्फाविषयी मोठा गैरसमज आहे. जिवंत मासा बर्फात टाकला की तो ‘झोपेत’ जातो असं पुष्कळांना वाटतं. इंग्लंडमध्ये ट्राउटवर मोजून पाहिलं होतं. पाण्याबाहेर काढलेल्या ट्राउटच्या मेंदूचं काम 20 अंश तापमानात साधारण अडीच मिनिटांत थांबलं. 2 अंशांत त्याला साडेनऊ मिनिटं लागली. म्हणजे थंडीने मरण सोपं झालं नाही, ते लांबलं. हालचाल मंदावते म्हणून आपल्याला तो शांत दिसतो, इतकंच. बर्फ मासा मेल्यानंतर घाला, त्या जागी त्याला पर्याय नाही.

खेकड्यांसाठी दोन शब्द. खेकडा मासा नव्हे, पण स्वयंपाकघरात त्याच्याशी आपण जे करतो ते पाहून राहवत नाही. चावू नये म्हणून जिवंत चिंबोरीच्या नांग्या आणि पाय एकेक करून मोडायचे, ही घराघरातली रीत. ब्रिटनमध्ये 2021 साली जोनाथन बर्च यांच्या समितीने खेकडे, शेवंडी आणि माकूळ यांच्या संवेदनक्षमतेचे पुरावे तपासून अहवाल दिला, आणि 2022च्या तिथल्या कायद्यात या प्राण्यांनाही जागा मिळाली. तुम्ही एवढंच करा: समुद्रातली चिंबोरी आधी बर्फ घातलेल्या मिठाच्या पाण्यात किमान 20 मिनिटं पूर्ण बुडवून ठेवा. स्पर्श केल्यावर डोळे आणि पाय हलेनासे झाले की मग तिला उलटी करून पोटाच्या पाळीखालच्या आणि डोळ्यांमागच्या चेतागुच्छांत सुरी खुपसा. त्यानंतर नांग्या काढा. यात जास्तीचा खर्च नाही, आणि हातालाही इजा होत नाही.

गळ टाकणाऱ्यांसाठी

धरणांच्या पाणवठ्यावर गळ घेऊन बसणारी तरुण मुलं आता पुष्कळ दिसतात. पहाटेच्या पाण्याचं वेड मी समजू शकते. ‘आम्ही पकडतो आणि सोडून देतो, मारत नाही’ असं त्यांतले बरेच जण अभिमानाने सांगतात. त्यांनी एक आकडा लक्षात ठेवावा. कॅनडात 1992 साली फर्ग्युसन आणि टफ्ट्स यांनी ट्राउटला दमेपर्यंत पळवलं आणि मग वेगवेगळा वेळ हवेत धरलं. हवेत न काढलेल्यांपैकी 88 टक्के वाचले. अर्धा मिनिट हवेत धरलेल्यांपैकी 62 टक्के. एक मिनिट धरलेल्यांपैकी अवघे 28 टक्के. मोबाइलवर दोन-चार फोटो काढायला एक मिनिट सहज लागतं. मासा पाण्यात निसटताना ताजातवाना दिसला तरी बाराएक तासांत तो मेलेला असू शकतो.

जर्मनीत निव्वळ सोडून देण्यासाठी मासा पकडणं हे विनाकारण वेदना देणं मानलं जातं आणि त्यावर खटले होतात. स्वित्झर्लंडमध्ये 2008च्या नियमांनंतर गळ टाकणाऱ्याला माशाशी नीट वागण्याचं शिक्षण घ्यावं लागतं. मला स्वतःला जर्मनांचं म्हणणं पटतं: खायचा नसेल तर गळ कशाला रुतवायचा? पण हा छंद एका लेखाने सुटणार नाही, हेही मला माहीत आहे. म्हणून निदान हे करा.

गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करा. गळ काढताना ओठ फाटत नाही. दोर माशाच्या ताकदीला पुरेल असा मजबूत घ्या, म्हणजे तासभर दमवत बसावं लागत नाही. जिवंत लहान मासा पाठीतून किंवा ओठातून टोचून आमिष म्हणून लावण्याची पद्धत सोडून द्या. तिच्यात दोन जिवांचा छळ आहे, आणि कणकेच्या गोळ्यालाही मासे येतात. मासा हाताळण्याआधी हात ओले करा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो आणि बुरशी धरते. खडकावर, वाळूत टेकवू नका. कल्ल्यांत बोट घालून उचलू नका. गळ घशात खोल गेला असेल तर ओढाताण न करता दोर जवळून कापा. फोटो हवाच असेल तर मासा पाण्यातच ठेवून काढा. मासा पाण्याबाहेर काढताना आपला श्वास रोखून धरा. आपल्याला श्वास घ्यावासा वाटायच्या आत तो पाण्यात गेला पाहिजे.

आणि मासा घरी न्यायचा ठरला असेल तर दोरीत ओवून किंवा पिशवीत टाकून संध्याकाळपर्यंत तडफडत ठेवू नका. तिथेच, लगेच मारा.

काचेच्या टाकीत

मासे पाळणाऱ्यांना आपण माशांवर प्रेम करतो याची खात्री असते. तरीही गोल काचेच्या भांड्यातला गोल्डफिश हा मला बाजारातल्या मरळीइतकाच दुर्दैवी वाटतो, कारण त्याचं मरण आठवडाभर चालतं. माशाच्या श्वासातून आणि विष्ठेतून पाण्यात अमोनिया जातो. भांडं लहान, गाळणी नाही, त्यामुळे तो साचतो आणि कल्ले जाळतो. मासा पृष्ठभागावर तोंड उघडून श्वास घेऊ लागतो, पर अंगाला चिकटवून धरतो, खड्यांवर अंग घासतो. घरातली मुलं म्हणतात, मासा खेळतोय.

टाकी आणल्याच्या दिवशी मासे आणू नका. अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग कमी घातक नायट्रेट करणारे जिवाणू गाळणीत स्थिरावायला तीन ते सहा आठवडे लागतात. दुकानदार हे सांगत नाही, कारण त्याला त्याच दिवशी मासे विकायचे असतात. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला, पूर्ण नको. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढूनच ते टाकीत घाला. गोल्डफिश वीतभर वाढतो आणि नीट ठेवला तर दहा वर्षांहून जास्त जगतो. त्याला भांडं नाही, मोठी टाकी किंवा हौद हवा.

झगझगीत गुलाबी-हिरव्या पट्ट्यांचे पारदर्शक मासे दुकानात दिसले तर घेऊ नका. काचमासा हा आपल्याकडच्या गोड्या पाण्यातला साधा, पारदर्शक मासा. त्याच्याच अंगात सुईने रंग टोचून हे ‘रंगीत’ मासे केलेले असतात. मागणी थांबली की हे थांबेल, दुसरा उपाय नाही.

मासा बरा होणार नाही इतका आजारी पडला तर त्याला संडासात सोडणं, फ्रीजरमध्ये टाकणं किंवा जिवंत कचऱ्यात टाकणं, तिन्ही क्रूर आहे. लवंगाच्या तेलाने त्याला वेदनेविना जाऊ देता येतं. एका बाटलीत टाकीतलं थोडं कोमट पाणी आणि लवंगाचं शुद्ध तेल घालून पांढरट होईपर्यंत खूप हलवा, कारण तेल एरवी पाण्यात विरघळत नाही. दर लिटर पाण्याला 8 ते 10 थेंब या हिशेबाने हे मिश्रण मासा ठेवलेल्या भांड्यात घाला. आधी थोडं, तो आडवा झाला की उरलेलं. कल्ले हलायचे थांबल्यावरही त्याला किमान 10 मिनिटं त्याच पाण्यात राहू द्या. असा मासा मांजरालाही खायला घालू नये.

नकोसे झालेले मासे नदीत किंवा तळ्यात सोडणं हे पुण्य नाही. बहुतेक मासे तिथे उपासमारीने मरतात, आणि जे तगतात ते स्थानिक माशांच्या मुळावर उठतात.

शेततळ्यातले मासे

शेततळ्यात मत्स्यपालन करणाऱ्यांची संख्या वाढते आहे, आणि त्यांच्या हातून एका वेळी हजारो मासे जातात. जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या जलचरांसंबंधीच्या संहितेत माशांची वाहतूक आणि त्यांना मारण्यापूर्वी बेशुद्ध करणं यावर स्वतंत्र प्रकरणं आहेत. नॉर्वेसारख्या देशांत सामन माशाला विजेच्या किंवा यांत्रिक घावाने बेशुद्ध करूनच मारतात. तेवढी यंत्रं आपल्या शेतकऱ्याला परवडणार नाहीत. पण काढणीच्या आदल्या दिवशी खाद्य बंद ठेवणं, भल्या पहाटे थंड वेळी जाळं टाकणं, सगळे मासे एकदम एका कोपऱ्यात न कोंडता थोडे थोडे काढणं, आणि क्रेटमध्ये एकावर एक रचून वरचे खालच्यांना चिरडतील असं न करणं, याला पैसे लागत नाहीत. निदान किलोभराच्या पुढचे मासे तरी डोक्यात मारूनच बर्फात घालावेत. मेलेले आणि ताणाने काळवंडलेले मासे कमी निघाले की भावही चांगला मिळतो.

समुद्रातल्या मोठ्या जाळ्यांबद्दल मात्र खाणाऱ्याच्या हातात फारसं काही नाही, हे मान्य करायला हवं. खोल पाण्यातून वेगाने वर ओढलेल्या माशाच्या पोटातली हवेची पिशवी फुगते, आतडी बाहेर येतात, खालचे मासे वरच्यांच्या वजनाने चेंगरतात. तिथे उपाय धोरणाचे आहेत: जाळं पाण्यात किती वेळ ठेवायचं, किती भरायचं. आपण फार तर छोट्या होडीच्या, एका रात्रीत परतणाऱ्या मच्छीमाराचा मासा निवडू शकतो आणि 1 जून ते 31 जुलैची पावसाळी मासेमारीबंदी पाळू शकतो.

कायदा काय म्हणतो

प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणाऱ्या 1960च्या केंद्रीय कायद्याने ‘प्राणी’ची व्याख्या माणसाखेरीज कोणताही सजीव जीव अशी केली आहे. मासा त्यात आपोआप येतो. माणसाच्या अन्नासाठी प्राणी मारायला हा कायदा सूट देतो. पण ती सूट अनावश्यक वेदना न देता मारलं तरच. म्हणजे जिवंत माशाचे खवले ओरबाडणं हे साठ वर्षांहून जुन्या कायद्याच्या अक्षरातही बसत नाही. फक्त तिकडे कुणी पाहिलं नाही. यावरून बाजारातल्या बायकांवर खटले भरावेत असं मी अजिबात सुचवत नाही. त्या कष्टाने जगतात, आणि त्यांना हे कुणी शिकवलेलंच नाही.

शिकवायची जागा आहे. रत्नागिरीजवळ शिरगावचं मत्स्य महाविद्यालय, नागपूर आणि उदगीरची मत्स्यविज्ञान महाविद्यालयं आणि राज्याचा मत्स्यव्यवसाय विभाग या सगळ्यांच्या प्रशिक्षणांत माशाला बेशुद्ध करून मारण्याचा एक तास घालता येईल. नगरपालिकांच्या मासळी बाजारात फळीशेजारी एक दांडका ठेवायला परवानगी लागत नाही. मासळी सहकारी संस्थांच्या पदाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे, की पुढच्या वार्षिक सभेत हा विषय घ्या. आणि तुम्हा वाचकांना एवढीच, की येत्या रविवारी जिवंत मासा निवडाल तेव्हा पैसे काढायच्या आधी मावशींना सांगा: आधी मारा, मग साफ करा.